धारेच्या वेळची ग्रामसभा

माझ्या सासूबाईंना सगळं गाव अव्वा म्हणतं, म्हणून मीही अव्वाच म्हणते. बाई कुणाच्या बापाला भ्यायची नाही. मागच्या महापुरात तिनं माझा जीव टांगणीला लावला होता. पाणी अंगणात शिरलं, बोट दारात लागली आणि अव्वा गोठ्यातून हलेना.

"म्हशी सोडून मी न्हाय यायची. तुमी जावा."

शेवटी तिच्यासाठी माझा नवरा मागं थांबला. मी शेजारच्या गावातल्या शाळेत, निवाऱ्यात बसून देवाला शिव्या घालत होते. पाणी गोठ्याच्या ओट्याला लागून परत फिरलं म्हणून दोघं वाचली. पुढच्या वेळीही फिरेल असं कृष्णामाईनं काही लिहून दिलेलं नाही. आणि पुढच्या वेळीही अव्वा म्हशी सोडून येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

उन्हाळ्यात मी ग्रामपंचायतीत गेले. पुराच्या आराखड्यात जनावरांचं काय, असं विचारलं.

"आराखडा ग्रामसभेत मंजूर झालाय की, वहिनी," ग्रामसेवक म्हणाले.

"सभा कधी झाली?"

"पहिली तहकूब झाली. मग दुसरीत झाला."

आमच्याकडं हे वर्षानुवर्षं असंच चाललेलं. सभा ठेवायची ऐन कामाच्या वेळी. बाया उसात भांगलायला, बाप्ये पाणी पाजायला. माणसांची संख्या भरत नाही, सभा तहकूब. तहकूब सभेला संख्येची अट नसते. मग चार डोकी जमणार, चहा पिणार आणि गावाचं भलं करून मोकळी होणार. यात कुणाचा मोठा डाव होता असं मी म्हणत नाही. त्यांना न बोलवायची सवय लागली होती आणि आम्हाला न जायची. मला राग दोघांचाही आला.

आराखडा मात्र ग्रामसेवकांनी लगेच दाखवला. माणसं शेजारच्या गावातल्या त्याच शाळेत, जनावरं पार दुसऱ्या टोकाच्या माळावर. चारा होता, पाणी होतं, डॉक्टरही होता. म्हशीची धार काढावी लागते, हे काही कुणाच्या ध्यानात आलेलं नव्हतं.

गावातलं प्रत्येक घर जिथं रोज न बोलावता येतं, अशी आमच्याकडं एकच जागा आहे, ती म्हणजे दूध संस्था. सरपंचबाईसुद्धा संध्याकाळी किटली घेऊन आमच्याच रांगेत उभ्या असतात. मी तिथंच त्यांना म्हटलं, "सभा हितंच घ्या की."

त्या आधी हसल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रामसेवकांपुढं विषय काढला.

"संस्थेत सभा? असं कुटं असतंय व्हय?"

"चावडीतच घ्यायची असं तरी कुटं लिवलंय?" सरपंचबाईंनी विचारलं.

ग्रामसेवकांनी तालुक्याला विचारून घेतलं. हरकत नव्हती. रीतसर नोटीस लागली. त्या संध्याकाळी बायांनी दूध घातलं आणि रिकाम्या किटल्या मांडीवर घेऊन तिथंच बसकण मारली. संख्या भरली. ग्रामसेवकांचा विश्वास बसेना, त्यांनी पुन्हा मोजली.

आराखड्याचं वाचन जनावरांपर्यंत आलं आणि माझ्या शेजारून अव्वा उठली. आयुष्यात कधी सभेत तोंड न उघडलेली बाई.

"धार कोण काढायची?"

"म्हणजे?"

"दोन्ही वखताला धार काढाय लागती. न्हायतर कास सुजती. म्हशी तिकडं आनि आमी हिकडं. तुमी काढतासा काय?"

सगळे हसले. ग्रामसेवकही हसले. "मला न्हाय येत, अव्वा."

"मग लिवा. जितं माणसं, तितंच जनावरं."

मग जनावरं शाळेमागच्या मैदानावर बांधायची का, यावरून जे जुंपलं ते दुधाचा टँकर येऊन हॉर्न मारेपर्यंत. पण त्या मैदानावर जनावरांसाठी पत्र्याचं शेड उभारायचा ठराव झाला आणि मोठ्यानं वाचून दाखवला गेला.

ठराव झाला म्हणजे काम झालं, एवढी भाबडी मी नाही. ग्रामसेवक दिसले की रांगेतून कुणीतरी ओरडायचंच, "सायेब, शेड कुटवर आलं?" बिचारे काही दिवस मागच्या गल्लीनं जाऊ लागले. एका संध्याकाळी मात्र आपण होऊन आले, रांगेसमोर उभे राहिले आणि म्हणाले, मैदानाची परवानगी मिळाली, पत्रे मिळाले नाहीत. का मिळाले नाहीत, फाईल कुठं अडली, तेही सांगितलं. वाटलं होतं, लोक फाडून खातील. पण एक म्हातारा म्हणाला, "मग आधीच सांगायचं की, मर्दा. बांबू हाईत माज्याकडं." ताडपत्र्या निघाल्या, दोर निघाले. ग्रामसेवकांबद्दल मला त्या दिवशी पहिल्यांदा आदर वाटला.

श्रावणात नदी पात्राबाहेर आली. गाव सोडायची सूचना झाली आणि मी गोठ्याकडं पळाले. दावी सोडलेली होती. दोन्ही म्हशी रस्त्याला लागल्या होत्या आणि त्यांच्या मागून अव्वा मलाच ओरडत होती, "चल की गं, कशाची वाट बगतीस?"

संध्याकाळी शाळेमागं, ताडपत्रीखाली बसून तिनं धार काढली. चारा भिजलेला दिला म्हणून सरपंचबाईंशी कडाकडा भांडली. मी लांबून ऐकत होते, आणि मला रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी पाणी आमच्या घराच्या कौलांना लागलं. घरात कुणी नव्हतं.