निळ्या वेलीची बशी

ल्यूडीबाई स्टॉलवर्थ कुणाचं काही सहज खरं मानायच्या नाहीत. पाद्रीबाबांचं प्रवचनसुद्धा घरी येऊन बायबलशी ताडून बघायच्या. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या टॅलिस्टनमध्ये, रुळांपलीकडच्या आमच्या काळ्यांच्या वस्तीत त्यांच्या या संशयी स्वभावाची टर उडायची, पण वर्गणी काढून गरिबाची मयत उचलणाऱ्या आमच्या मयतफंडाच्या हॉलची किल्ली त्यांच्याच गळ्यात होती, तीही त्या स्वभावामुळेच.

हॉल आमच्या पणजोबांनी बांधलेला, गुलामी सुटल्यावर, विटा स्वतः भाजून. तिथे लग्नं व्हायची, शाळा गळायला लागली की वर्गही भरायचे. ल्यूडीबाईंच्या नवऱ्याची शवपेटी तिथूनच निघाली होती. बाई रोज तिथली जमीन झाडून काढायच्या.

१९५३च्या उन्हाळ्यात मिसेस टिस्डेल ल्यूडीबाईंच्या ओसरीवर आल्या. गावातल्या गोऱ्या बायकांचं जुन्या इमारती जपणारं मंडळ होतं, त्याच्या या पुढारी. हातात निळ्या वेलीच्या बशीत खोबऱ्याचा केक.

"तुमच्या हॉलची इमारत किती सुंदर आहे गं, ल्यूडी. आम्ही ती नीट जपू."

"जपतोच आहोत की, मॅडम."

ल्यूडीबाईंच्या काकाचा लोहारखाना या मंडळाने असाच जपला होता. रंग दिला, पाटी लावली, आत चहाची टेबलं मांडली. आता ल्यूडीबाईंना तिथे जायचंच म्हटलं, तर भांडी घासायला, मागच्या दाराने. खोबरं सोसत नाही असं सांगून त्यांनी केक बशीसकट परत केला. बशीची कड एका जागी उडालेली होती, तेवढी नजरेत राहिली.

टिस्डेलबाई आणखी दोनदा आल्या. ल्यूडीबाईंनी त्यांना घरात घेतलं नाही, डोळ्यांसमोर असाव्यात म्हणून ओसरीवरच बसवलं. वस्तीला मात्र ल्यूडीच्या खुर्चीत बसलेली गोरी बाई तेवढी दिसली. हॉलच्या सौद्यात ल्यूडीचं कुठंतरी पाणी मुरतंय, अशी कुजबूज सुरू झाली.

ऑगस्टात चर्चचा मेळावा भरला. झाडाखाली लांब टेबलं, त्यावर घरोघरचं एकेक भांडं. भांडं मालकिणीकडे परत जावं म्हणून बुडाला नावाची चिकटपट्टी लावायची रीत आहे, आमच्यात आणि गोऱ्यांतही. जेवणानंतर हॉल मंडळाला विकायचा का, यावर हात वर व्हायचे होते. विकून मोकळं व्हावं, असं चर्चचे पंच ॲम्झी ब्रॉडनॅक्स म्हणत होते.

ल्यूडीबाईंनी कोंबडीच्या रश्शात पिठाची डम्पलिंग शिजवून आणली होती. दरवर्षी त्यांचंच पातेलं आधी रिकामं व्हायचं. या वर्षी डाव कुणी हलवला नाही. लहानपणापासूनची मैत्रीण झेफी, तीसुद्धा पातेल्याकडे बघून न बघितल्यासारखं करत वालाच्या शेंगांकडे सरकली. आमच्यात तोंडावर आरोप करत नाहीत, हातचं खाणं सोडतात. ल्यूडीबाईंना रडू येत होतं, पण ते त्या कुणाला दाखवणार नव्हत्या. आता आपला शब्द कुणी मानणार नाही, कितीही ओरडलो तरी हॉल जाणार, हे त्यांना कळून चुकलं.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ॲम्झीच्या बायकोच्या, ओराच्या केकवर झुंबड होती.

"हाताला काय चव आहे गं ओरा!"

"अगं, पहाटे उठून खोबरं किसलंय."

ल्यूडीबाईंनी बशी पाहिली. निळी वेल. उडालेली कड. शेवटचा तुकडा संपला तशा उठल्या आणि बशी उचलली.

"ओरा, ही धुऊन कुणाकडे पोचवू?"

"राहू दे हो, मी नेते."

ल्यूडीबाईंनी बशी पालथी करून झेफीपुढे धरली. "वाच गं. माझा चष्मा घरी राहिलाय."

झेफीने वाचलं. "टिस्डेल."

"माझ्याकडे ती ओसरीवर बसायची, सगळ्या वस्तीला दिसायची," ल्यूडीबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे कुठल्या दाराने येते, ॲम्झीभाऊ?"

ॲम्झी हातातली टोपी फिरवत राहिले. हॉल विकावा म्हणून कुणाचाच हात वर झाला नाही, त्यांचाही नाही.

मग पातेल्यापुढे रांग लागली. पहिली झेफी.

"वाढ गं दोन."

ल्यूडीबाईंनी एक डम्पलिंग आधी स्वतःच्या तोंडात घातलं, तिच्यादेखत चावून गिळलं, आणि मग तिच्या ताटात दोन वाढली.

"घे. आता खायला हरकत नाही."

रस्सा कधीच गार झाला होता. झेफीने ताट पुसून खाल्लं, पण मान काही वर केली नाही.