भोकं पाडलेले बूट

बुधराम फाटकाशी आला तेव्हा त्याच्या हातात तुमच्या नानांचे बूट होते. सकाळचे अकरा वाजत आले होते, मी व्हरांड्यात बसून डाळ निवडत होते. बूट ओले होते आणि दोन्हींच्या नाड्या एकमेकींत बांधलेल्या होत्या. नाना नाड्या अशा कधी बांधत नसत, त्यामुळे त्याने तोंड उघडायच्या आधीच मला कळलं. बुधराम नानांचा शाळेतला विद्यार्थी, मासेमारी करणाऱ्या घरातला, आणि गेली वीस-पंचवीस वर्षं नाल्यावरचा त्यांचा सोबती. "बाई, सर गेले जी," तो म्हणाला. "गोट्यावर बसले होते, पाण्यात पाय सोडून. मले वाटलं, गरी पाहून राह्यले. आवाज देल्ला… मग जवळ गेलो." मी विचारलं, "कुठे आहेत?" त्याने बूट पुढे केले. "मागून आणून राह्यले गाडीत. म्या हे पहिले आणले." मी ते घेतले आणि सवयीने आत जाऊन जुना पेपर शोधू लागले.

मिहीर, तन्वी, याला आता सात आठवडे झाले. हे तुम्हाला वाचायला तुमच्या आईची मदत लागेल, हे मला माहीत आहे. मी आधी इंग्रजीतच लिहायला बसले होते. माझं सगळं शिक्षण नागपूरला इंग्रजीत झालं, मला तेच सोपं जातं. दोन पानं नीट लिहून झाली. वाचून पाहिली तर त्यात तुमचे नाना नव्हते, कोणी एक सभ्य गृहस्थ होता. म्हणून ती फाडली.

माझं लग्न होऊन मी बालाघाटला आले त्या हिवाळ्यात नानांनी मला पहिल्यांदा जांभळीच्या नाल्यावर नेलं. मला वाटलं होतं, मासे पकडायचे म्हणजे काठावर बसायचं. हे गुडघाभर पाण्यात उतरले आणि प्रवाहाच्या विरुद्ध चालू लागले. मासा तोंड वर करून, येणाऱ्या पाण्याकडे बघत उभा असतो, म्हणून माणसाने त्याच्या मागून जायचं. पाय उचलायचा नाही, तळाच्या गोट्यांवरून सरकवायचा. आपली सावली आपल्या मागे पडेल अशी वेळ धरायची. हातात बांबूची काडी, गळाला नाकतोडा, आणि तो वरच्या धारेत सोडून वाहत खाली येऊ द्यायचा. मी कौह्याच्या झाडाखाली पुस्तक घेऊन बसले होते. मध्येच काहीतरी विचारलं, तर मागे न बघता म्हणाले, "मॅडम, हळू. मासोळीले इंग्रजी समजत नाही, घाबरून पळते." मी मराठीतच विचारलं होतं! पण त्या दिवसापासून मी त्यांची मॅडम झाले ती झालेच. तासाभराने हातभर लांबीचा महाशीर लागला. सोनेरी खवल्यांचा, इतका देखणा की मी पुस्तक टाकून पाण्याच्या कडेला आले. नानांनी गळ सोडवला, मासा दोन्ही हातांत धरून प्रवाहाकडे तोंड करून थोडा वेळ पाण्यात ठेवला, आणि सोडून दिला. मी म्हटलं, "अहो, हे काय?" म्हणाले, "पहिला पाण्याचा. दुसऱ्यापासून आपला." त्यांच्या वडिलांचा नियम होता तो, आणि त्यांच्याही वडिलांचा. तिरोडीकडच्या त्यांच्या गावात सगळेच पाळत असत. त्या दिवशी दुसरा आणि तिसराही मिळाला.

पाण्यात चालायचे बूट ते स्वतः तयार करत. शाळेच्या मुलांचे असतात तसे साधे कॅनव्हासचे बूट आणायचे आणि दाभण तापवून तळाच्या वर, दोन्ही बाजूंना, ओळीने भोकं पाडायची. एरवी बूट पाण्याने भरतो आणि पाय जड होऊन माणूस घसरतो. भोकं असली की आलेलं पाणी निघून जातं. हे काम ते माझ्या गॅसवर करत. स्वयंपाकघरात जळक्या रबराचा वास दोन दिवस राहायचा आणि त्यावरून आमचं दरवर्षी भांडण व्हायचं. नाल्यावरून आले की बूट मी त्यांच्याकडून घ्यायची, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायची आणि मागच्या अंगणातल्या दोन खुंट्यांवर उलटे टांगायची. मासे साफ करणं मला कधी जमलं नाही. माझा वाटा एवढाच होता.

तुम्ही दोघं एकदा आला होतात नाल्यावर. मिहीर पाच वर्षांचा होता, तन्वी तीन. पाणी तेव्हा स्वच्छ होतं. नानांनी तुम्हाला एका सपाट गोट्यावर बसवलं. मिहीरने रडून गोंधळ घातला की मलाही चालायचंय. "पाय मोठे होऊ दे रे राजा," नाना म्हणाले. "मग मी तुले घेऊन जातो, पार वरच्या डोहापर्यंत." तुम्ही ते विसरला असाल. ते विसरले नाहीत. दर दिवाळीत फोनवर ते तुमचे पाय कागदावर ठेवून रेघ काढायला लावत आणि लांबी विचारत, आठवतंय? तुम्हाला वाटायचं, नानांचा खेळ आहे. त्या मापाचे बूट ते बाजारातून आणत आणि त्यांना भोकं पाडत. पुढच्या वर्षी मोठे. असे आठ वर्षांचे बूट कपाटात आहेत, मी मापाप्रमाणे लावून ठेवलेले. जुने कोणाला तरी द्यावे म्हणून एकदा मी आमच्याकडे कामाला येणाऱ्या लताला दिले, तिच्या मुलीसाठी. तिने ते उजेडात धरले आणि हसत सुटली. "नानीजी, इसमें तो पूरा नाला घुस जाएगा!" नाना आतून ओरडले, "हौ, आणि पूरा बाहर भी निकलेगा!" पण तिने नेले नाहीत. खरंच आहे, ते बूट त्या एका कामाशिवाय कशाचेच नाहीत.

आणि त्या कामाची जागाच राहिली नाही. आधी रेतीचे ट्रॅक्टर पावसाळ्यानंतर यायचे, मग बाराही महिने येऊ लागले. रेती गेली, मग गोटेही गेले. जिथे गुडघाभर वाहतं पाणी होतं तिथे पुरुषभर खड्डे झाले, आणि खड्ड्यांमध्ये हिरवट पाणी थांबून राहिलं. नाना तरी जात. दिवसभरात एखादा मासा लागे, आणि तो पहिला म्हणून सोडून ते रिकाम्या हाताने घरी येत. मी म्हणायची, "एकच मिळतो तर नियम कसला?" ते म्हणत, "एकच मिळते म्हणूनच तं नियम."

आता जे लिहायचं आहे, त्यासाठी हे सगळं लिहिलं. दोन वर्षांपूर्वी तुम्ही डिसेंबरात येणार होतात, तिकिटं ठरत होती. तुमच्या आईने मला फोनवर विचारलं, नाल्यावर नेण्यासारखं आहे का? मी खरं ते सांगितलं. पाणी घाण आहे, मासे संपलेत, मुलांना कंटाळा येईल, त्यापेक्षा समुद्रावर जा, आम्ही दोन दिवस नागपूरला येऊन भेटू. मला नीट आखलेल्या गोष्टी आवडतात, आणि ते शहाणपणाचंच होतं. नानांनी तोवर तुमचे बूट आणले होते. "काहून बदललं त्यांनी?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मुलांच्या सुट्ट्या कमी आहेत. सगळ्या संसारात मी त्यांच्याशी एवढंच खोटं बोलले. नागपूरला ते हसून खेळून राहिले. परतल्यावर मात्र दर आठवड्याला नाल्यावर जाऊ लागले, थेट वरच्या डोहापर्यंत.

या ऑक्टोबरात एका सोमवारी ते दुपारीच घरी आले, कपडे चिखलाने भरलेले. "मॅडम, हाय! वरच्या डोहात एक हाय. वीतभर. सोडला म्या." मग म्हणाले, "पोरायले फोन लाव. म्हणा, या डिसेंबरले या. तेवढ्यात तो मोठा होते." मी म्हटलं, रविवारी लावते, तेव्हा त्यांना सुट्टी असते. शुक्रवारी ते मासा आहे ना, बघायला म्हणून गेले.

बुधरामला मी नंतर त्या माशाबद्दल विचारलं. तो बराच वेळ चपलेने माती उकरत राहिला. "सर सांगत होते, बाई. मले तं दिसला नाही. त्या डोहात दोन सालापासून काही नाही जी." मी म्हटलं, सर माशाबद्दल कधी खोटं बोलले नाहीत. तो म्हणाला, "हौ. तेही खरं."

परवा मी त्याला घेऊन नाल्यावर गेले. तन्वी, तुझ्यासाठी त्यांनी यंदा दिवाळीआधीच, अंदाजाने आणलेले बूट मला बरोबर बसतात. एवढ्या वर्षांत मी काठ सोडून कधी पाण्यात गेले नव्हते. बुधरामने हात धरला होता. पाय उचलला नाही, सरकवला. सावली मागे ठेवली. पाणी एका बाजूने आत आलं आणि दुसऱ्या बाजूने गेलं, नाना म्हणत तसंच. वरच्या डोहाशी, ते बसले होते त्या गोट्यापाशी, ऊन कलेपर्यंत उभी राहिले. पाणी हललंसुद्धा नाही. मी तुमच्या आईला सांगितलं होतं ते सगळं खरं होतं. तिथे काही नाही. तरीही तुम्हाला येऊ द्यायला हवं होतं… तुम्ही मासा बघायला येणार नव्हताच.

आता आलात तरी दाखवायला माझ्याकडे काही नाही, म्हणून या म्हणत नाही. तुमचे पाय अजून वाढतील आणि कोणी माप विचारणार नाही. नानांचे बूट त्या दिवसापासून खुंटीवर आहेत, कधीचे कोरडे झालेले. शेजारी तन्वीचे आहेत, त्यांच्या टाचा अजून ओलसर आहेत. नागपूरहून येणाऱ्या पेपरात रविवारची पुरवणीच बोळ्यांना चांगली, पाणी लवकर ओढते, असं ते म्हणत. हे मी त्याच पुरवणीला पाठवते आहे. छापून आलं की एक प्रत तुमच्या आईसाठी जपून ठेवीन. दुसरी फाडून बुटांत घालीन, चारही.