खिळ्यावरचं प्लास्टिक

मंडळाच्या सचिवबाईंनी कीबोर्डवरचं प्लास्टिकचं कव्हर दोन बोटांच्या चिमटीत धरून उचललं. अंगापासून लांब धरलं. बाहेर संडासाच्या दारापाशी एक खिळा होता, त्याला अडकवलं. तिथं आधीच पाच-सहा कव्हरं लटकत होती. मग त्यांनी हात धुतले. साबण लावून.

मी दारात उभी होते.

"अगंबाई, मॅडम! आज सकाळीच?"

मी एका शाळेत क्लार्क आहे. शाळा सकाळची. दुपारी सोलापुरातल्या या मंडळाच्या खोलीत मी आमच्या वस्तीतल्या बायकांना कॉम्प्युटर शिकवायचे. फुकट. सकाळी तिथं कॉलनीतल्या बायकांचा वर्ग असायचा, तो दुसरं कुणी घ्यायचं. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून मी लवकर गेले. कॉलनीच्या बायका उघड्या कीबोर्डवर टाइप करत होत्या.

आमच्या बायका विड्या वळतात. माल कारखान्यात टाकला की तशाच वर्गाला यायच्या. त्यांच्या कीबोर्डवर कायम ते कव्हर. जाड, पिवळं पडलेलं. खालची अक्षरं धड दिसायची नाहीत. बटण जोर लावून दाबावं लागायचं. पहिल्याच दिवशी काशीबाई म्हणाली, "अक्का, काँपुटरला बी पदर लागतोय व्हय?" सगळ्या हसल्या. मीही हसले. धूळ बसू नये म्हणून असेल, असं सांगितलं. मला खरंच तसं वाटलं होतं.

काशीबाईला एकच गोष्ट शिकायची होती. पोरीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतःच्या हातानं भरायचा. दरवर्षी ती नेटच्या दुकानात जायची आणि तिथला माणूस चारचौघांत खेकसायचा, "कागद नीट आणता येत नाहीत, तर पोरं शिकवता कशाला?" ते तिला पुन्हा ऐकायचं नव्हतं. पण कव्हराखालचं अक्षर सापडायचं नाही. बोट चुकायचं. शेवटी म्हणायला लागली, "माजी बोटं विडीचीच, अक्का. ह्ये न्हाय जमायचं." सचिवबाई मागून फेरी मारताना मला सांगायच्या, "यांना वेळ लागणारच हो. ग्रहणशक्ती कमी असते." त्या बायकांसमोरच. जणू त्यांना मराठीही कळत नाही.

मी विचारलं, "कव्हरं सकाळी का काढता?"

"तंबाखूचा वास राहतो हो त्यांना. या चांगल्या घरच्या बायका. त्यांना कसं चालेल?"

"आणि आमच्या बायका?"

"तुम्ही कशाला मनाला लावून घेता? तुम्ही वेगळ्या. तुमच्याकडे बघून वाटत पण नाही."

हे मी लहानपणी ऐकलं होतं. आई विड्या वळायची आणि एका घरी धुणीभांडी करायची. त्या घराच्या मागच्या दारी, खिळ्याला, तिचा कप. चहा वरून ओतायचे. त्या घरातल्या बाई माझ्याकडे बघून म्हणायच्या, "पोरगी तुमच्यातली वाटत नाही हो." आई हसायची. मी तो कप विसळून परत खिळ्याला लावायचे.

कप गेला, असं मी धरून चालले होते. खिळा तिथंच होता.

"वाटत नसेल तर नीट बघा," मी म्हणाले. "मी त्यांच्यातलीच. विड्यांच्या पैशावर शिकले. आजपासून कव्हर नाही. नाहीतर मग सगळ्यांना घाला. यांनाही."

सचिवबाईंचा आवाज बदलला. "जागा आमची, मशिनं आमची. फुकट मिळतंय, तर एवढा माज कशाला?"

खोलीतला टाइपिंगचा आवाज थांबला. मग तो पुन्हा सुरू झाला.

मी खिळ्यावरचं एक कव्हर काढलं. घडी घालून पिशवीत टाकलं. निघाले.

दुपारी वस्तीत सगळं सांगितलं. काशीबाई मांडीवर विड्यांचं सूप घेऊन वळत बसली होती. तिचे हात थांबले.

"मंजी... चूक माज्या बोटांची न्हवती व्हय?"

एवढंच म्हणाली.

वर्ग आता समाजमंदिरात भरतो, मोबाइलवर. शिष्यवृत्तीची साइट मोबाइलवर धड उघडली नाही. काशीबाईला यंदाही त्या दुकानात उभं राहून बोलणी खावी लागली. आमच्यातल्या दोघीजणी मंडळाच्या वर्गात परत गेल्या. कव्हरावर टाइप करतात. मी त्यांना बोल लावणार नाही. मंडळाच्या भिंतीवर आमच्या वर्गाचा फोटो अजून टांगलेला आहे, खाली 'आमचे समाजकार्य' असं लिहून. फोटोत कव्हरं नाहीत. फोटोपुरती काढली होती.

मी जुना कॉम्प्युटर शोधते आहे. मिळेल तेव्हा मिळेल. कुणाच्या उपकाराचा घेणार नाही. काशीबाईचा पुढच्या वर्षीचा अर्ज तिच्याच बोटांनी भरला जाईल.

समाजमंदिरात नवी बाई आली, की मी आधी ते पिवळं कव्हर तिच्या हातात देते. कुठून आणलं ते सांगते. "हे तुझ्यासाठी ज्या खोलीत घालतील, त्या खोलीतून उठायचं," म्हणते. "हा पहिला धडा. बाकीचं त्यानंतर."