तुटलेल्या धाग्याची गाठ

नारपोलीच्या आमच्या शाळेत करिअरच्या तासाला मी मुलींना विचारलं, "शिक्षक कोणाला व्हायचंय?" एकही हात वर आला नाही. तेवढ्यात लेकीचा विसरलेला डबा घेऊन यंत्रमागावर कापड विणणारा एक लूम कामगार दारात आला. "तुमच्या कामाबद्दल सांगा," म्हणत मी त्याला आत घेतलं.

त्याला लूमच्या खडखडाटाची सवय. शांत वर्गातही तो ओरडूनच बोलला. मुली खो खो हसल्या. तोही हसला. मग खिशातला धागा काढून, तुटला तर गाठ कशी मारायची ते नुसत्या बोटांनी दाखवू लागला. एकीला जमताच तो बाजूला झाला.

"आता मला नाय, हिला विचारा! आमच्यात ज्याला जमलं त्यानं पुढच्याला शिकवायचं."

बघता बघता सगळ्यांना गाठ जमली. मी पुन्हा तोच प्रश्न विचारला.

चार हात वर आले. पाचवा त्याचा होता.