आत जाणारी

"दादा, पाणी सोडा!" हे ऐकू येईपर्यंत ती आत गेलेली असायची.

रेल्वेतल्या मराठी घरातली मुलगी. झाशीच्या आमच्या अग्निशमन केंद्रात फायरमन म्हणून आली. मी गाडीचा ड्रायव्हर आणि पंपही माझ्याकडेच. केंद्रात मराठी आम्हा दोघांनाच यायची, त्यामुळे साहेबांसमोर ती मला हसत हसत म्हणायची, "यांचं भाषण संपेस्तोवर अख्खं गाव जळेल हो." साहेब विचारायचे, "क्या कह रही है?" मी म्हणायचो, "आपकी तारीफ़, साहब."

गरौठ्याकडे उभा गहू पेटला, तेव्हा एक म्हातारा तिच्याकडे बघून बुंदेलीत म्हणाला, "जा मोड़ी आग बुझाहै?" म्हणजे, ही पोरगी आग विझवणार? तिनं ओलं पोतं त्याच्याच हातात दिलं. "दोनों बुझाएँगे, कक्का. चलो." म्हातारा मुकाट तिच्यामागे निघाला.

बसणं तिला ठाऊकच नव्हतं. काम नसलं की ती गुंडाळलेला होज पाइप उलगडायची आणि पुन्हा गुंडाळायची. लीडिंग फायरमन झाली, तरी धुरात पहिली तीच.

तुम्ही आग रस्त्यावरून पाहिली असेल. मी ती पंपापाशी उभा राहून पाहिली आहे. पाण्यानं भरलेला पाइप आतल्या माणसाबरोबर हलतो. सदर बाजारात रजयांचं दुकान पेटलं, ती आत गेली, आणि पाइप हलायचा थांबला. मी त्यावर हात दाबून धरला. काही नाही. मग ती एका कारागिराला ओढत बाहेर आली, पोटभर खोकली, आणि परत आत गेली.

त्यानंतर सेकंड ऑफिसरच्या जागेसाठी तिचं नाव निघालं. मला बाजूला घेऊन म्हणाली, "साहेबांनी विचारलं तर सांगा, अजून कच्ची आहे. अफसर झालं की बाहेर उभं राहून नुसते हुकूम सोडायचे. मला नाही जमायचं, दादा."

साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, "इनसे पक्का कोई नहीं."

ते खरं होतं, पण खरं म्हणून मी ते बोललो नव्हतो. मला ती बाहेर हवी होती, नजरेसमोर. आजही कुणी विचारलं तर तेच उत्तर देईन, आणि तरीही ते मला टोचत राहील.

ती अफसर झाली. खंडेराव गेटजवळ आग लागली तेव्हा हातात वायरलेस घेऊन दारापर्यंत जायची, परत यायची, पुन्हा जायची. आमच्यातले दोघं आतून हात पोळवून आले. ती माझ्यासमोर येऊन थडकली. "काय सांगितलंत साहेबांना?"

"कच्ची आहे, म्हणून सांगितलं."

तिनं विश्वास ठेवला, हे त्याहून वाईट.

पुढे तिला आणखी बढती मिळाली आणि बदलीही. निरोपाच्या दिवशी खरं काय ते सांगायचंच ठरवून गेलो. "मॅडम, एक बोलायचं होतं."

"मॅडम काय, दादा! बोला की."

घंटा वाजली. सगळे गाडीकडे धावले, मीही. तिनं चार्ज सकाळीच सोपवला होता. तिला येता येणार नव्हतं.

वळताना आरशात दिसली. गळ्यात झेंडूची माळ, तशीच धावत आमच्यामागे येत होती. फाटकापाशी थांबली.

मी वेग वाढवला.