ओळंब्याची ऑनलाइन फरशी

आमच्या ओळंब्याला कोणी खऱ्या नावाने हाक मारली तर तो मागे वळूनसुद्धा बघत नाही. त्याला वाटतं, दुसऱ्याच कोणाला तरी बोलावतायत. फरशी बसवणं हा त्याचा धंदा. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात तो ओळंबा, आणि तेच याचं नाव. कोणी ठेवलं ते आठवत नाही, पण ठेवणाऱ्याचं माप चुकलेलं नाही. माणूस चालतो सरळ, बोलतो सरळ, आणि समोरचा खुर्चीत जरा कलून बसला तर मान याची दुखायला लागते.

कोणाच्याही घरी गेला की तो आधी खाली बघतो. नवखे लोक म्हणतात, किती लाजाळू माणूस! लाजाळू कसला, तो फरशीचे सांधे बघत असतो. एकदा आजारी मित्राला भेटायला दवाखान्यात गेला. खाटेजवळ बराच वेळ गंभीरपणे मान खाली घालून उभा राहिला. मित्राच्या बायकोला वाटलं, आता हे धीराचे दोन शब्द बोलतील. हा म्हणाला, "कोपऱ्यातला तुकडा मागाहून घातलाय."

"आमच्या पहिल्या भेटीत यांनी माझ्याकडे कमी आणि हॉटेलच्या फरशीकडे जास्त बघितलं," असं वहिनी सांगतात. वहिनी म्हणजे त्याची बायको. "मी म्हटलं, बरं आहे, नजर चांगली आहे."

असा हा माणूस दर रविवारी दुपारी राक्षस, चेटकिणी आणि शापित किल्ले यांच्यात रमतो, हे सांगून कोणाला पटत नाही. पण रमतो खरा. आमचा एक खेळ आहे. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं. एकजण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो आणि आपल्या वाटेत संकटं उभी करतो. आपण काय करणार ते आपण सांगायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. सूत्रधार अर्थातच ओळंबा. त्याच्या गोष्टीतले राक्षससुद्धा ताठ बसतात.

खेळणारे आम्ही तिघं. कोपऱ्यावरचा केमिस्ट, जो दुकानात खोकल्याचं औषध देतानाही लेबल पुन्हा पुन्हा वाचतो आणि गिऱ्हाइकालाही वाचायला लावतो, तो खेळात कुऱ्हाडवाला योद्धा होतो आणि उघडं दारसुद्धा फोडून आत जातो. मी जादूगार. आणि तिसरी ताई, म्हणजे ओळंब्याची थोरली बहीण. ती नर्स. आठवडाभर अख्ख्या वॉर्डाला शिस्तीत झोपवणारी ही बाई रविवारी चोरटी व्हायची आणि कुलपं फोडायची. खरं सांगायचं तर खेळात जीव होता तो तिच्यामुळे. आम्ही दोघं समोर दिसेल त्याला मारायचो, ताई विचारायची, "याच्या खिशात काय आहे?"

मग ताईची बदली झाली. दूरच्या गावी, मोठ्या दवाखान्यात. जाताना ती म्हणाली, "तुम्ही खेळा रे. माझी चोरटी मेली असं समजा."

"माझ्या गोष्टीत कोणी असं समजून मरत नाही," ओळंबा म्हणाला. "मरायचं असेल तर फासा टाकून मरायचं."

आधी फोनचा प्रयोग झाला. फोन साखरेच्या डब्याला टेकवून टेबलावर उभा करायचा आणि ताईने पलीकडून खेळायचं. पण कागदावरचा नकाशा तिला दिसेना. ती विचारायची, "दार कुठल्या बाजूला आहे?" केमिस्ट बोट दाखवून म्हणायचा, "हे काय, इथे!" दोन वेळा ती चालत जाऊन भिंतीवर आपटली. तिसऱ्या रविवारी डबा सरकला आणि ताई साखरेत तोंडावर पडली.

त्या दिवशी फोन ठेवण्याआधी ती सहज बोलावं तसं बोलली. पण सहज नव्हतं ते. "हे बघ, इथे रविवारची दुपारची पाळी घ्यायला कोणी तयार नाही. मेट्रन माझ्या मागे लागल्यात. मी आत्तापर्यंत टाळतेय. पुढच्या रविवारी नीट जमलं तर बघू, नाहीतर हो म्हणून टाकते बाई. इथे एकटीने फोनकडे बघत बसण्यापेक्षा पेशंट बरे."

ओळंबा नुसता टेबलाकडे बघत राहिला. टेबल जरा कलतं होतं, तरी त्याने त्याच्या पायाखाली कागदाची घडी सरकवली नाही. तेव्हा मला कळलं, मनाला लागलंय.

दुसऱ्या दिवशी केमिस्टने बातमी आणली, की कॉम्प्युटरवर असं टेबल मिळतं. नकाशा पडद्यावर, सोंगट्या पडद्यावर, फासेही पडद्यावरच पडतात, आणि जो तो आपापल्या घरून खेळतो. एक लिंक पाठवली की झालं. वहिनी हिशेबाचं काम घरून करतात, त्यामुळे कॉम्प्युटर होता. त्या म्हणाल्या, "आधी शिकवणीचा व्हिडिओ बघा. मोजून दहा मिनिटांचा आहे."

"फरशी बसवायला मी व्हिडिओ बघून शिकलो का?"

"नाही. सासऱ्यांच्या शिव्या खाऊन शिकलात. त्या हव्यात तर मी देते."

व्हिडिओ राहिला. ओळंबा कामाला लागला आणि आठवडाभर संध्याकाळी दिसेनासा झाला. मी एकदा डोकावलो. पडद्यावर राक्षसाचा तळघरातला दरबार तयार होत होता. त्या टेबलात म्हणे तयार नकाशांची चित्रं मिळत होती, अगदी फुकट. अख्खा दरबार एका चित्रात.

"छापील फरशी?" ओळंब्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी जणू त्याला प्लॅस्टिकची फुलं दिली. "त्याच्यावर पाय ठेववेल का?"

म्हणून त्याने एका फरशीचं चित्र घेतलं आणि ती एकेक करून बसवायला घेतली. एक उचल, सरकव, ठेव. पुन्हा एक उचल. पडद्यावर चौकटींची जाळी होती आणि फरशी जवळ नेली की आपोआप चौकटीला चिकटत होती. यावर तो लहान मुलासारखा खूश. "बघ, दोरी ताणायला नको, काही नको! आमच्या धंद्यात हे असतं तर माझे गुडघे शाबूत राहिले असते." भिंतीकडेचे तुकडे त्याने कापून बसवले. सिंहासनाखाली तिरकं डिझाइन काढलं. दोन फरश्यांमध्ये फट किती सोडायची यावर एक संध्याकाळ गेली.

"याला उतार देता येत नाही," तो कुरकुरला. "पाणी कुठे जाणार?"

"राक्षस आंघोळ करतो का?" वहिनींनी आतून विचारलं.

"धुवायला तर लागत असेल!"

त्याने कोपऱ्यात जाळीचं मोरीचं तोंड काढलं तेव्हा कुठे त्याला चैन पडलं.

आता त्या सॉफ्टवेअरमध्ये वस्तू ठेवायला एकावर एक थर होते. सगळ्यात खालचा थर नकाशाचा. तिथे ठेवलेलं पक्कं बसतं, खेळणाऱ्यांना हलवता येत नाही. त्याच्या वरचा थर सोंगट्यांचा. तिथलं जो तो उचलू शकतो. हे त्या दहा मिनिटांच्या व्हिडिओत पहिल्याच मिनिटाला होतं. ओळंब्याने मात्र आपल्या अनुभवाने विचार केला. खाली काय असतं? मुरूम, वर सिमेंट-वाळूचा माल. फरशी कुठे असते? वर. उभ्या आयुष्यात त्याने खालच्या थराला फरशी घातलेली नव्हती. त्याने खालच्या थरात राखाडी सिमेंट पसरलं, चांगलं समपातळीत, आणि दरबाराची एकूण एक फरशी वरच्या थरात लावली. खेळणाऱ्यांना आत घेतलं की आपल्या सोंगट्यांबरोबर इतर वस्तूही हलवता येतील, अशी परवानगीही त्याने उदार मनाने देऊन ठेवली होती. "आपलीच माणसं आहेत," तो म्हणाला.

रविवार उजाडला. मी माझ्या घरी, केमिस्ट त्याच्या घरी, ताई तिकडे दूर. पहिला बराच वेळ "आवाज येतोय का?" आणि "तुझा येतोय, माझा येतोय का?" यात गेला. केमिस्टने लिंक नीट उघडली की नाही याची खात्री करायला ती दोनदा उघडली, त्यामुळे दोन केमिस्ट हजर झाले आणि दोघेही एकमेकांच्या मागून तेच बोलू लागले. एकाला घालवला. मग ओळंब्याने घसा साफ केला. "तुम्ही जिना उतरलात. समोर राक्षसाचा दरबार."

पडद्यावर दरबार उघडला. खोटं कशाला बोला, देखणा होता. ताई म्हणाली, "अगं बाई! हे सगळं तू केलंस?"

"हो. चाला की," ओळंबा म्हणाला. आनंद आवाजात मावत नव्हता.

"मी दार फोडून आत जातो," केमिस्ट म्हणाला.

"दार नाहीये, कमान आहे."

"मग नुसताच जातो." त्याने आपला योद्धा धरून ओढला. योद्धा तिथेच राहिला. जिथे धरला होता तिथली फरशी मात्र निघून त्याच्या हातात आली.

"अरे!" केमिस्ट ओरडला. "फरशी निघाली!"

ओळंब्याच्या आयुष्यात हे वाक्य त्याला कोणी ऐकवलेलं नव्हतं. लोकांची घरं पडली, लग्नं मोडली, पण त्याची फरशी निघाली नव्हती.

"कोण म्हणतंय निघाली?"

"माझ्याकडे आहे ना! कुठे ठेवू?"

"होती तिथे ठेव!"

केमिस्टने ती घाईघाईने ठेवली, ती नेमकी आपल्याच योद्ध्यावर. "मी कुठे गेलो?"

"तुम्ही फरशीखाली आहात," मी सांगितलं, आणि मदत म्हणून ती बाजूला करायला गेलो, तर दुसऱ्याच दोन माझ्याबरोबर आल्या. ओळंबा एक बसवायचा तोवर आमच्याकडून तीन उखडायच्या. केमिस्टचा माउस म्हणे घामाने निसटत होता. सिंहासनाखालचं तिरकं डिझाइन विस्कटलं. राक्षसाची सोंगटी मोरीच्या तोंडावर जाऊन बसली.

"हात लावू नका!" ओळंबा ओरडत होता. "कोणी कशालाही हात लावू नका! माल ओला आहे अजून!"

आतून वहिनींचा आवाज आला, "अहो, सगळं सिलेक्ट करून खालच्या थरात टाका. व्हिडिओत..."

"व्हिडिओचं नाव काढू नकोस!"

पण त्याने ऐकलं. सगळं सिलेक्ट केलं, म्हणजे फरश्यांबरोबर आम्हीही सिलेक्ट झालो, आणि माउस सुटताना जरासा हलला. अख्खा दरबार सतरंजीसारखा सरकून पडद्याबाहेर लोंबू लागला. ओळंब्याने तो परत आणला, पण आता काही फरश्या वरच्या थरात, काही खालच्या, आणि कुठली कुठे हे देवालाही सांगता आलं नसतं.

ओळंब्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मला वाटलं, आता ताई म्हणणार, जाऊ दे रे, राहू दे. आणि त्यानंतर दर रविवारी पेशंटच.

"अरे," ताई म्हणाली, "माझ्या हातात एक फरशी आहे."

"ठेव," ओळंबा थकून म्हणाला. "कुठेही ठेव."

"नाही, ऐक तर. ही उचलली मी. हिच्याखाली काय आहे?"

"काय असणार? सिमेंट."

"राक्षसाच्या दरबारात नुसतं सिमेंट? माझ्या चोरटीला नाही पटत."

मग ओळंब्याचा आवाज आला, पण आता तो वेगळा होता. टेबलाशी बसून दिवे मंद करायचा तेव्हाचा आवाज.

"चोरटीकडे काय आहे हातात?"

"खंजीर."

"उलटा धर. मूठ खाली. शेजारच्या फरशीवर ठोक. हळू. आता पुढच्या. भरीव वाजतेय की पोकळ, ते ऐकायचं. फासा टाक."

पडद्यावर फासा गडगडला. चांगला पडला.

"भरीव," ओळंबा म्हणाला. "भरीव... भरीव... थांब. ही पोकळ. कोणीतरी खालून माल काढून घेतलाय. घाईत. आणि पुन्हा बसवताना कडेला चुना भरायला विसरलाय. बघ, फटीतून गार वारा येतोय."

मला माझ्या खुर्चीत गार वारा लागला. केमिस्ट कुजबुजला, "मी फोडू का?"

"खबरदार!" भाऊ-बहीण एकदम म्हणाले.

पुढची सगळी दुपार आम्ही त्या दरबारातून गुडघ्यांवर फिरलो. राक्षस समोर बसलेला असून त्याच्याकडे कोणी ढुंकून बघितलं नाही. जी फरशी हलेल ती पोकळ, हलत नाही ती भरीव, असा नियमच ओळंब्याने जागच्या जागी करून टाकला. एका फरशीखाली लहान मुलाचा दुधाचा दात निघाला, चिंधीत बांधलेला. राक्षसाचा. "म्हणजे याला आई होती," ताई म्हणाली. "मी दात परत ठेवते. आणि तिला शोधायचं."

इतक्यात तिच्याकडे फोन वाजला. तिने आपला माइक बंद केला नव्हता, म्हणून एका बाजूचं सगळं ऐकू आलं.

"हां मेट्रन, बोला... नाही हो, रविवारचं नाही जमणार... नाही, पुढच्याही नाही." मग जरा थांबून, अगदी गंभीरपणे, "काय सांगू, माझ्याकडे फरशीचं काम काढलंय. कधी संपेल, त्या कारागिरालाच माहीत."

पडद्यावर ओळंब्याच्या माउसचा बाण सावकाश फिरत होता. निघालेल्या फरश्यांपैकी एकही त्याने जागेवर ठेवली नाही.