एका माणसाचा कुत्रा

अचलपूरजवळ सहदेवभाऊंची संत्र्याची बाग आहे. त्या बागेत चोरी करायला कोणी धजत नसे, आणि त्यामागची युक्ती सहदेवभाऊ चहा पिता पिता कोणालाही ऐकवत. पिल्लू दुधावरून सुटलं की कोठडीत कोंडायचं. सहा महिने त्याच्यावर दुसऱ्या माणसाची सावली पडू द्यायची नाही. भाकर एकाच हातची, देणाऱ्याच्या अंगावर तीच घोंगडी, तोंडात तीच बिडी. नावसुद्धा ठेवायचं नाही, कारण नाव ठेवलं की चारजण हाका मारतात. पार्बताबाई म्हणत, लहान आहे तोवर त्याला चार माणसांत, चार कुत्र्यांत खेळू द्या. पण नवऱ्याला अक्कल शिकवणारी बायको सहदेवभाऊंना कधीच मानवली नाही.

हा शेवटचा कुत्रा तर भुंकायचाही नाही. झाडांच्या ओळीतून आवाज न करता यायचा आणि समोर उभा राहायचा. त्याला साखळीला बांधल्याशिवाय तोडणीच्या बाया बागेत पाय ठेवत नसत.

मग सहदेवभाऊंच्या छातीत पाणी झालं. अमरावतीच्या दवाखान्यात चाळीस दिवस गेले. बिडी सुटली, मिशी गेली, अंग निम्मं झालं, हातात काठी आली. तिकडे मुलगा मनोज कुंपणावरून कुत्र्याला भाकर टाकत होता. आजारी माणूस घरी येणार म्हणून पार्बताबाईंनी सगळी पांघरुणं सोड्याच्या पाण्यात धुऊन काढली. त्यात घोंगडीही धुतली गेली.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहदेवभाऊ घोंगडी पांघरून बागेकडे गेले. कुत्रा फाटकाशीच होता. त्यांनी नेहमीसारखी जीभ वाजवली. कुत्र्याने जवळ येऊन त्यांना हुंगलं, आणि मान वाकडी करून तो त्यांच्या मागच्या रस्त्याकडे पाहू लागला. सहदेवभाऊंनीही मागे वळून पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. त्यांनी कडीला हात घातला तेव्हा कुत्र्याने दात दाखवले. नजर मात्र रस्त्यावरच होती.

असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी त्यांनी तारेतून हात आत घातला आणि तो फाडून घेतला. टाके घालून घेऊन घरी आल्यावर ते ओसरीवर बसले. हाताच्या दुखण्यापेक्षा त्यांना भीती जास्त वाटत होती.

"पार्बता, तो मले ओळखत नाही. तो सहदेवची वाट पाहून राहिला."

"मंग तुमी कोन?" पार्बताबाई हसत म्हणाल्या. नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांचं हसू गेलं.

गुरांच्या डॉक्टरांनी फाटकाबाहेरूनच सांगितलं की माणसांची सवय लहानपणीच लावायची असते. आता फार उशीर झाला.

मनोजने नवं पिल्लू आणलं. सहदेवभाऊंनी त्याचं नाव चंदा ठेवलं. रोज सकाळी ते तिला काखेत मारून निघतात. पिठाच्या गिरणीत, शाळेपुढे, एस.टी.च्या थांब्यावर भेटेल त्याच्यापुढे धरतात. "हात लावा. हाक मारा तिले." लोकांना वाटतं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

परतताना ते बागेच्या फाटकाशी थांबतात. आत तो कुत्रा रस्त्याकडे तोंड करून बसलेला असतो. सहदेवभाऊ चंदाला छातीशी धरतात, वळतात, आणि तेही रस्त्याकडे पाहत राहतात. एखादे दिवशी तो माणूस येईल, असं आता त्यांनाही वाटू लागलं आहे.